तिसरा फोटो कुठे आहे?

वाचक विचारतात

शाळा-कॉलेजच्या मुलांनी सोशल मीडियावर चॅलेंज काढायचं आणि गावातला, गल्लीतला कचरा उचलायचा, याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. सारख्या प्रश्नांचं एकत्र उत्तर दिलं आहे. नावं न छापता फक्त गाव दिलं आहे.

प्रश्न : आमच्या नववीच्या मुलांनी नदीकाठासाठी ‘स्वच्छता चॅलेंज’ काढलं. पहिल्या रविवारी तीस मुलं आली, दुसऱ्या रविवारी बारा, तिसऱ्या रविवारी चार. इन्स्टाग्रामवर लाइक भरपूर मिळाले, पण नदीकाठ होता तसाच झाला. कुठे चुकलं?
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : तीसची चार झाली यात मुलांच्या आळसाचा भाग थोडा, चॅलेंज बेतण्यातली चूक मोठी. ‘सगळ्यांनी या, स्वच्छता करू या’ हे आवतण झालं. त्याला चॅलेंज म्हणत नाहीत.

हा प्रकार कसा पसरला ते पाहिलं की फरक कळतो. ‘ट्रॅशटॅग’ हा शब्द 2015 मध्ये अमेरिकेतल्या यूको या कंपनीने काढला. डोंगरात भटकणाऱ्यांसाठी सामान बनवणारी ही कंपनी. चार वर्षं तो शब्द फारसा कोणाच्या कानावर गेला नाही. मग मार्च 2019 मध्ये ॲरिझोनातल्या बायरन रोमान यांनी फेसबुकवर दोन फोटो शेजारीशेजारी टाकले. एकात कचऱ्याने भरलेली जागा, दुसऱ्यात तीच जागा साफ केलेली. वर लिहिलं की कंटाळलेल्या पोरांनो, हे घ्या नवीन चॅलेंज. थोड्याच दिवसांत जगभरातून तसे जोडफोटो येऊ लागले. शब्द जुनाच होता, मग या वेळी का चालला? बोलणं कोणाशी आहे ते स्पष्ट होतं, काम एका वाक्यात मावत होतं, आणि केलं की नाही हे दोन फोटोंत दिसत होतं. 2014 च्या बर्फाच्या बादलीच्या चॅलेंजमध्ये (डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायचं) आणखी एक खुबी होती: नाव घेऊन पुढच्याला आव्हान द्यायचं आणि 24 तासांची मुदत घालायची. ‘सगळ्यांनी या’ म्हटलं की कोणीच आपल्यावर घेत नाही. ‘ओंकार, सानिया, प्रज्वल, आता तुम्ही’ म्हटलं की तिघांनाही पळवाट नसते.

जोडफोटोत मात्र एक भोक आहे. दुसरा फोटो काढला की चॅलेंज संपतं. जागा पुढच्या बुधवारपर्यंत भरली तरी इन्स्टाग्रामवर ती कायमची स्वच्छच राहते. म्हणून आमचा आग्रह तिसऱ्या फोटोचा आहे: सफाईनंतर पंधराव्या दिवशी, त्याच जागी उभं राहून काढलेला. गुण द्यायचे, नाव झळकवायचं ते तिसऱ्या फोटोवर. पहिल्या दोन फोटोंना फक्त ‘पोहोचले’ म्हणायचं.

आता नव्याने मांडणी करायची तर अशी करा.

जागा लहान घ्या. पंधरा मुलांसाठी शंभर ते दीडशे फूट लांबीचा पट्टा पुरे. अख्खा नदीकाठ घेतला की दीड तासानंतरही फोटोत फरक दिसत नाही, आणि मुलं खट्टू होतात ती तिथेच. पट्ट्याची दोन्ही टोकं ठरलेली हवीत, उदाहरणार्थ विजेच्या खांबापासून घाटाच्या पहिल्या पायरीपर्यंत.

पाच-पाच जणांच्या टोळ्या करा. दोघं चिमट्याने उचलणार, एक गोणीचं तोंड धरणार, एक वेगळं करणार, एक मोजणार आणि फोटो काढणार. दर वीस मिनिटांनी कामं बदला, नाहीतर फोटो काढणारा तोच राहतो आणि गोणी धरणारी तीच. पूर्ण कार्यक्रम दीड तासाचा: दहा मिनिटं सूचना, एक तास उचलणं, वीस मिनिटं वेगळं करणं आणि वजन. साडेआठनंतर ऊन लागतं, म्हणून सातला सुरुवात.

पुढच्याला आव्हान द्यायचं ते एका टोळीने दुसऱ्या टोळीला, नाव घेऊन, आणि मुदत सात दिवसांची. 24 तासांची मुदत बर्फाच्या बादलीला ठीक होती. कचऱ्यासाठी ती ठेवली तर मुलं संध्याकाळी अंधारात, मोठं माणूस बरोबर नसताना, घाईघाईत बाहेर पडतात. सात दिवसांत एक रविवार येतोच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम सफाईच्या आधीचं आहे. सलग तीन दिवस सकाळी सहा ते आठ आणि रात्री नऊ ते अकरा या वेळात ती जागा लांबून पाहा. हे मोठ्यांनी करायचं, मुलांनी नव्हे. तिथे कचरा पडतो त्याला बहुतेक वेळा साधं कारण असतं: घंटागाडी साडेनऊला येते आणि त्या आळीतली माणसं आठला कामाला निघतात, किंवा रात्री खाण्याच्या गाड्या उठतात तेव्हा डबा जवळपास नसतो, किंवा खांबावरचा दिवा गेलेला असतो. नगरपालिकेकडे वेळ बदलून मागणं किंवा दिवा लावून घेणं हे रीलमध्ये दिसत नाही, पण तिसरा फोटो त्यावरच अवलंबून असतो. हे अर्ज मुलांना लिहू द्या. आठवी-नववीच्या मुलांनी सही करून दिलेला अर्ज साहेबांना बाजूला सारणं जड जातं.

एवढं करूनही जागा पुन्हा भरते. मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर 2015 मध्ये शेजाऱ्याला घेऊन सफाई सुरू केली, आणि दर आठवड्याच्या शेवटी लोक येत राहिले. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान त्यांना मिळाला. 2018 च्या मार्चमध्ये त्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं दिसली. मधली अडीच वर्षं काय होतं, तर तोच किनारा आणि तेच शनिवार-रविवार. तुमच्या मुलांना दहा जागा देऊ नका. एकच द्या, आणि शाळेचं सत्र संपेपर्यंत तीच ठेवा.

प्रश्न : मी दहावीत आहे. आमच्या ग्रुपने नाल्याजवळची जागा साफ केली आणि रील टाकलं, पण फक्त 140 व्ह्यूज आले. कमेंटमध्ये एकाने ‘फेक आहे’ लिहिलं. रील कसं काढायला हवं होतं?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : ‘फेक’ वाटायचं कारण बहुतेक हे असणार: आधीचा फोटो एका बाजूने आणि नंतरचा दुसऱ्या बाजूने काढलेला. पाहणाऱ्याला ती एकच जागा आहे हे पटत नाही. पुढच्या वेळी काम सुरू करायच्या आधी पाय ठेवायच्या जागी खडूने दोन खुणा कर. फोन छातीच्या उंचीवर, आडवा की उभा ते ठरलेलं, झूम नाही, वाइड लेन्स नाही. चौकटीत न हलणारी एक वस्तू ठेव, म्हणजे विजेची डीपी, झाड, दुकानाची पाटी असं काही. दोन्ही फोटो शक्यतो एकाच दिवशी सकाळी घे, कारण सावली बदलली की जागाच वेगळी दिसते. खडू पावसात जातो, म्हणून पंधरा दिवसांनंतरच्या फोटोसाठी पहिला फोटो फोनवर उघडून समोर धर आणि डीपीची कड जुळवून घे.

टाइमलॅप्स लावायचा असेल तर फोन स्टँडवर किंवा गच्च बांधून ठेव. वेग निवडता येत असेल तर साठपट ठेव, तासाभराचं काम एका मिनिटात बसतं. एकशेवीसपट ठेवलं तर अर्ध्या मिनिटात. त्याआधी बॅटरी आणि जागा बघून घे, आणि फोन एअरप्लेन मोडवर टाक. मधे कोणाचा तरी कॉल आला की चित्रीकरण तुटू शकतं.

आता मथळा. ‘बघा आपलं शहर किती घाण, सगळे इथे कचरा टाकतात’ असं लिहू नकोस. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, दगड झालेल्या लाकडांसाठी प्रसिद्ध. पर्यटक ते तुकडे उचलून नेत. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. ‘आजवर अनेक पर्यटकांनी लाकूड नेलं आहे’ अशा अर्थाच्या पाटीने चोरी वाढली. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ अशा साध्या पाटीने ती कमी राहिली. सगळेच करतात असं ऐकलं की माणसाला वाटतं, मग माझ्या एकट्याने काय होतंय! म्हणून आकडा द्यायचा तो उचलणाऱ्यांचा दे: ‘11 जणं, 75 मिनिटं, 9 गोण्या. पुढची टोळी दहावी ब.’

कचरा टाकणाऱ्या माणसाचा चेहरा रीलमध्ये घेऊ नकोस. भांडण तुझ्या दारात येतं. सफाई कर्मचाऱ्यांना विचारल्याशिवाय त्यांचंही चित्रीकरण नको. आणि 140 व्ह्यूजचं म्हणशील, तर त्यातले तुझ्या शाळेचे किती हे पाहा. चाळीस जरी असले तरी पुढच्या दोन टोळ्या त्यातूनच निघतील. परदेशातल्या दहा हजारांपैकी कोणी नाल्यावर येणार नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत मुलांना दर किलो कचऱ्यामागे दहा रुपये द्यायचा विचार आहे. उत्साह वाढेल ना?
— सोसायटीचे सचिव, डोंबिवली

उत्तर : पहिल्या रविवारी वाढेल. नंतर किलो वाढतील आणि स्वच्छता तिथेच राहील.

वजनावर पैसे लावले की मुलं वजन शोधतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. ओली माती, विटांचे तुकडे, शहाळी, काचेच्या बाटल्या आधी गोणीत जातात. वेफर्सची पाकिटं तशीच राहतात, कारण शंभर पाकिटं उचलली तरी काटा जेमतेम हलतो. पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली वीस-पंचवीस ग्रॅमची, म्हणजे एका किलोला चाळीस-पन्नास वेळा वाकायचं. बियरची एक बाटली अर्ध्या किलोच्या आसपास. हुशार मूल काय उचलेल? त्याहून वाईट म्हणजे भंगार वेचणाऱ्या बाईने वेगळा करून ठेवलेला ढीग उचलला जातो. तिची ती त्या दिवसाची कमाई असते.

थोड्या पैशांचा उलटा परिणाम होतो हे तपासलेलंही आहे. इस्रायलमध्ये शाळकरी मुलं घरोघर जाऊन देणग्या गोळा करतात. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी त्यांचे तीन गट केले. एकाला काहीच मोबदला नाही, दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या एक टक्का, तिसऱ्याला दहा टक्के. सगळ्यात जास्त रक्कम आणली ती काहीच न मिळणाऱ्या गटाने, सगळ्यात कमी एक टक्कावाल्यांनी. हा अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला.

खर्च करायचाच असेल तर सामानावर करा. पंधरा मुलांसाठी पंधरा जोड हातमोजे, सहा लोखंडी चिमटे, एक लटकता काटा, दोन बादल्या, वीस रिकाम्या गोण्या, हात धुवायला साबण आणि वीस लिटरचा पाण्याचा जार. शेवटी पोहे आणि चहा. पोह्यांना आम्ही बक्षीस समजत नाही. दीड तास वाकल्यावर भूक लागते, आणि मुलं पुढच्या वेळी येतात त्यात मित्रांबरोबर खाल्लेल्या पोह्यांचा वाटा मोठा असतो. टोळीला तिसऱ्या फोटोवर काही द्यायचं तर पुढची जागा निवडायचा हक्क द्या. सोसायटीच्या सभेत पाच मिनिटं बोलायला द्या. आठवीतल्या मुलाला सचिवांनी माइक दिला तर ते तो वर्षभर सांगत सुटतो.

प्रश्न : आम्ही रविवारी अठरा गोण्या भरल्या. घंटागाडी आली नाही. मंगळवारपर्यंत कुत्र्यांनी गोण्या फाडल्या आणि लोकांनी शेजारी आणखी कचरा टाकला. आता आम्हालाच बोल लावतात.
— युवक मंडळ, सातारा जिल्हा

उत्तर : हा सगळ्यात नेहमीचा घोटाळा आहे. भरलेल्या गोण्यांचा ढीग म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘इथे टाका’ ही पाटीच वाटते. गाडी ठरल्याशिवाय एकही गोणी भरू नका.

रविवारी बऱ्याच ठिकाणी गाडी येत नाही किंवा एकच फेरी असते. शहरात असाल तर गुरुवारी प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकांना लेखी पत्र द्या आणि मुकादमांना प्रत्यक्ष भेटा. पत्राने परवानगी मिळते, पण गाडी मुकादम पाठवतात. गावात असाल तर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सरपंच, आणि ट्रॅक्टर कोणाचा, डिझेल कोण घालणार, कचरा कुठे उतरवणार हे तिथल्या तिथे ठरवून घ्या. पत्रात जागा, तारीख, गोण्यांचा अंदाज आणि ‘सकाळी 8.30 वाजता उचलणे’ एवढं पुरे. गाडी नाही म्हणाले तर दिवस बदला. शनिवारी दुपारी चारला केलेली सफाई रविवार सकाळपेक्षा चांगली, जर त्या दिवशी गाडी येत असेल.

वेगळं करणं जागेवरच करा. चार ढीग पुरतात. पहिला विकाऊ: पाण्याच्या बाटल्या, पुठ्ठा, डबे, पत्रा. हा भंगारवाल्याला किंवा तुमच्याकडच्या कचरावेचक ताईंना द्या. पुण्यासारख्या शहरात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद दारोदार कचरा नेतात, त्यांच्याशी आधी बोलून घ्या. दुसरा ढीग पाकिटं, पातळ पिशव्या, थर्माकोल यांचा. याला भंगारात भाव नसतो, हा गाडीत ‘सुका’ म्हणून जातो. वेफर्सच्या पाकिटात प्लॅस्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना चिकटवलेला असतो, ते सुटं करता येत नाही. तिसरा ढीग काच, सुया, ब्लेड, बॅटऱ्या, ट्यूबलाइट यांचा. हा गोणीत कधीही नको. पत्र्याच्या डब्यात किंवा बादलीत, आणि गाडीवाल्याच्या हातात सांगून द्यायचा. चौथा डायपर आणि पॅड. हे मोठ्यांनी चिमट्याने उचलून कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत घालायचे.

पन्नास किलोच्या खताच्या किंवा तांदळाच्या गोणीत सुका कचरा दाबून भरला तर साधारण पाच ते आठ किलो भरतो. कोणतीही गोणी दहा किलोच्या वर जाऊ देऊ नका. गाडीवर चढवताना फाटते आणि पोरांच्या पाठी दुखतात. बाटल्यांतलं पाणी ओतून, चेपून मग बूच लावा. हायवेच्या कडेला पिवळ्या पाण्याच्या बाटल्या सापडतील. त्या उघडू नका, ते पाणी नव्हे.

आणि जाळू नका. ‘एवढंसं आहे, काडी लावू’ म्हणणारा एक काका प्रत्येक ठिकाणी असतो. त्याला पोहे वाटायला बसवा.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. चॅलेंजसाठी त्याला इन्स्टाग्रामवर खातं हवं आहे. काढू द्यावं का?
— एक आई, सांगली

उत्तर : तेरा ही इन्स्टाग्रामची किमान वय-अट आहे, म्हणजे तो जेमतेम बसतो. पण या कामासाठी त्याला स्वतःच्या खात्याची गरज नाही. अल्पवयीन मुलांची खाती आता मुळातच खासगी असतात, आणि सोळाच्या आतल्यांना ते बदलायला पालकांची संमती लागते. खासगी खात्यावरून टाकलेली पोस्ट फक्त फॉलोअर्सना दिसते, हॅशटॅग लावला तरी बाहेरच्यांना सापडत नाही. त्यामुळे ‘हॅशटॅग मोजून विजेता ठरवू’ म्हणणाऱ्या आयोजकांचं गणित मुलांच्या बाबतीत चुकतंच.

यावर सोपा तोडगा: शाळेचं किंवा मंडळाचं एकच खातं, पासवर्ड दोन मोठ्या माणसांकडे. मुलं फोटो पालकांच्या व्हॉट्सॲपवरून पाठवतील. फोटो खरंच कुठे आणि कधी काढला हे आयोजकाला पाहायचं असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, कारण साधा पाठवला की आतली वेळ आणि ठिकाणाची नोंद निघून जाते. पत्ता छापणारी कॅमेरा ॲप चालतील, पण तो छापील पत्त्याचा फोटो जाहीर टाकू नका, विशेषतः जागा घराजवळची असेल तर. शाळेचा गणवेश, ओळखपत्र, सायकलचा नंबर यांतून मूल कोण आणि कुठलं ते कळतं. पाठमोरे फोटो उत्तम, आणि कचरा त्यांत जास्त दिसतो.

पोस्ट जागा साफ करून सगळे घरी पोहोचल्यावर टाका. ‘आत्ता आम्ही इथे आहोत’ असं लाइव्ह नको.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावर कॉलेजच्या मुलांना घेऊन चॅलेंज करायचं आहे. भरती-ओहोटीचा हिशेब आणि कासवांबाबत काय काळजी घ्यावी?
— गुहागर तालुका

उत्तर : कोकणात जुन्या माणसांचा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यात साधारण सव्वासहा तास मागे-पुढे केले की ओहोटी. म्हणजे सकाळी सात ते नऊच्या दरम्यान ओहोटी हवी तर प्रतिपदा ते चतुर्थी हे दिवस बरे, पक्ष कोणताही असो. एकादशीला सकाळी आठ-सव्वाआठला भरती असते, त्या दिवशी मुलांना नेऊन उपयोग नाही. हा हिशेब ढोबळ आहे. मुलं असतील तर भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक पाहूनच वेळ ठरवा, आणि ओहोटीच्या दीड तास आधी सुरू करून पाणी वळायच्या आत किनारा सोडा.

कचरा सगळ्यात जास्त असतो तो आदल्या भरतीने जिथे रेघ ओढली तिथे. त्या रेघेवर समांतर चाला. समुद्राकडून वर असे फेरे घालत बसलात तर पाय नुसते वाळूत दमतात. जाळ्याचा तुकडा वाळूत रुतलेला असेल तर ओढू नका. वर दिसतो दोन हात आणि खाली असतो वीस हात, त्यात ओल्या वाळूचं वजन. बाजूने खणून मोकळा करा, नाहीतर दिसतो तेवढा कापून घ्या. पावसाळ्याच्या आगेमागे डांबराचे गोळे येतात, ते हातमोजे घालून वेगळ्या डब्यात घ्या. पायाला लागलेलं डांबर साबणाने जात नाही, खोबरेल किंवा गोडं तेल चोळलं की सुटतं. रॉकेल लावू नका, कातडी सोलवटते.

ऑलिव्ह रिडलेचा अंडी घालण्याचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि पिल्लं एप्रिल-मेपर्यंत निघत राहतात. या काळात दाताळं, फावडी, ट्रॅक्टर किनाऱ्यावर नको. भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत फक्त हाताने, वरवरचं उचलायचं. रात्री किंवा पहाटे अंधारात चॅलेंज नको, कारण बॅटरी आणि फ्लॅशच्या उजेडाने पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे जातात. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर घरट्यांची राखण करणारी स्थानिक माणसं आणि वनविभाग असतो. त्यांना आधी सांगा. समुद्रशेवाळ, ओंडके, शिंपले हा कचरा नाही, ते राहू द्या. फोटोत किनारा अगदी गुळगुळीत दिसावा म्हणून काही मंडळी तेही उचलतात. पिल्लू हातात धरून रील काढणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, चॅलेंजमध्ये ते दिसलं तर टोळी बाद.

सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर किनारा-स्वच्छता दिन म्हणून पाळला जातो. तुम्हाला सुरुवातीला तारीख हवी असेल तर ती घ्या. त्या दिवशी माणसं आपोआप जमतात, पुढच्या शनिवारी किती येतात ते बघा.

प्रश्न : हातमोजे कोणते? इजा झाली तर काय?
— एनएसएस स्वयंसेवक, नांदेड

उत्तर : मिठाईच्या दुकानातले पातळ पॉलिथिनचे मोजे नकोत, पाच मिनिटांत फाटतात. विणलेले सुती, तळव्याला रबराचा लेप दिलेले मोजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. ते धुऊन पुन्हा वापरता येतात. त्यांनीही सुई अडत नाही, म्हणून सुई, ब्लेड, काच नेहमी चिमट्यानेच. पायात बूट. चपला घालून आलेल्याला मोजायला आणि लिहायला बसवा. हाकलू नका.

गवतात किंवा दगडाखाली थेट हात घालायचा नाही, आधी काठीने हलवायचं. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही न करता हातपाय स्थिर ठेवून 108 ला फोन. कापलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा. वापरलेली सुई टोचली तर धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात. तिथे उशीर चालत नाही. धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी सरकारी कार्यक्रमात असते, ती घेतली का हे पालकांच्या संमतीपत्रातच विचारून घ्या. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात काम ठेवू नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. नंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर घाण पाण्यात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं.

प्रश्न : ही सगळी मुलं फोटोसाठीच झाडू धरतात. हा दिखाऊपणा नाही का?
— निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : फोटोसाठी धरतात हे खरं, सर. पण गोणीत गेलेली बाटली कशासाठी उचलली हे नदीला कळत नाही. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा चालवत आणि कीर्तन रात्री. मुलांचा क्रम उलटा होतो तेव्हा खटकतं, म्हणजे कीर्तन आधी आणि खराटा फोटोपुरता. तो क्रम नियमानेच बदलता येतो: गोण्या गाडीत चढल्याशिवाय फोन खिशातून काढायचा नाही. अपवाद फक्त टोळीच्या फोटोवाल्याचा.

प्रश्न : गडावर प्लॅस्टिक सोडून शहाळी, कणसं, केळीची सालंही पडलेली असतात. ती उचलायची का? ओला कचरा कुजतोच ना?
— ट्रेकिंग ग्रुप, पुणे

उत्तर : केळीचं साल आणि कणसाचा बुरकुंडा खाली न्यायचा. कुजतो हे खरं, पण वाटेवर, पायऱ्यांवर, माकडांच्या समोर कुजतो, आणि माकडं मग येणाऱ्याच्या पिशवीवर झडप घालायला शिकतात. शहाळं महिनोन्महिने टिकतं आणि त्यात पावसाचं पाणी साचून डेंग्यूच्या डासांची पैदास होते. खाली न्यायचं तर एका गोणीत आठ-दहाच बसतात आणि गोणी दोघांनी धरावी लागते. खाली नेणं शक्य नसेल तेव्हा निदान पालथं करून किंवा कोयत्याने दोन फाळ करून ठेवा, म्हणजे पाणी राहणार नाही.

एक मात्र सांभाळा. 2025 मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड यांच्यासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. संरक्षित गडावर झाडोरा काढणं, ढासळलेला दगड हलवणं, टाक्यातला गाळ उपसणं हे परवानगीशिवाय करायचं नाही, ‘सफाई’ म्हणूनही नाही. टाक्याच्या काठावरची बाटली उचला. तळातला गाळ पुरातत्त्वाच्या माणसासाठी ठेवा, त्यात खापरं आणि नाणी सापडतात.